मुकादममामींची तहान

इंद्रियांवर विजय मिळवलेली माणसं हिमालयात राहतात, असा आपल्याकडे समज आहे. मी अशी एकच व्यक्ती पाहिली आणि ती निमोण्यात, आमच्या कांद्याच्या वावरात काम करायची. भर एप्रिलात, ढेकळं तव्यासारखी तापलेली असताना, सकाळी पिकअपमधून उतरल्यापासून संध्याकाळी पुन्हा पिकअपमध्ये चढेपर्यंत मुकादममामी पाण्याचा घोट घशाखाली जाऊ देत नसत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्यांच्या निग्रहाचं फार कौतुक वाटायचं. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. संयम, तितिक्षा वगैरे शब्द धड्यात आले की मुलांना समजावून सांगायला उदाहरण लागतं, म्हणून मी एकदा वर्गात मामींचं उदाहरण दिलं. मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्या आया मामींच्या टोळीत होत्या. हसण्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. मामी पाणी पीत नव्हत्या, कारण आमच्या वावरात बाईला लघवीला बसायला जागा नव्हती.

मुकादम म्हणजे मजूर बायकांच्या टोळीची म्होरकी. कुणाच्या वावरात कधी जायचं, कुणाला घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, हे ती ठरवते. मामी पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसायच्या. मागे बायका खच्चून भरलेल्या आणि पुढे मामी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला खुरपं. आवाज असा की, आमच्या वावरातून हाक मारली तर शेजारचा बागायतदार मोटार बंद करून बघायला यायचा. बागायतदारांशी बोलताना त्या डोक्यावरचा पदर सरळ करायच्या आणि मग पदराच्या आडून त्याला पार धुऊन काढायच्या. आमच्या यजमानांना त्या एकदा म्हणाल्या होत्या, "दादा, तुमचं गवात तुमच्यावाणीच हाय. वरनं लवतंय, खाली मुळं लई." यजमान दिवसभर ते वाक्य स्तुती आहे की काय याचा विचार करत होते.

पाण्याच्या बाबतीत टोळीची एक पद्धत होती. बांधावर कळशी ठेवलेली असायची. दुपारी भाकरी सोडायच्या वेळी प्रत्येक बाई तांब्या तोंडाला लावायची, गाल फुगवायची, पाणी तोंडात फिरवायची आणि थुंकून टाकायची. मला आधी वाटलं, मातीनं तोंड खराब होत असेल. नंतर लक्षात आलं की ते पिणंच होतं. नवीन आलेल्या पोरीला मामी पहिल्याच दिवशी शिकवायच्या, "तोंड वलं करायचं, प्वाट न्हाई." एखादीला राहवलं नाही आणि ती उठली, तर मामी खुरपणी न थांबवता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय गं, नदी आली व्हय तुला?" ती पोरगी पुन्हा खाली बसायची. मामी प्रेमळ वगैरे होत्या असं मी म्हणणार नाही. एक उठली की तिच्यासोबत राखणीला दुसरी उठणार, आडोसा लांब, तेवढ्यात मालक बांधावर येऊन घड्याळ बघणार आणि बोलणी मुकादमाला बसणार. हा हिशेब त्यांनी फार वर्षं आधी केला होता, आणि तो स्वतःच्या देहापासून सुरू केला होता.

टोळी कुठं जाणार हे मजुरीवर ठरतं, असं सगळे बागायतदार समजत. मामी कधीकधी बरी मजुरी देणाऱ्याला नाही म्हणायच्या आणि दुसऱ्याकडे कमीत जायच्या. त्यावर आमच्याकडे हसणं व्हायचं की, बाईला व्यवहार कळत नाही. खरं म्हणजे त्या शेजारच्या वावरात काय उभं आहे ते बघायच्या. ऊस उभा असला तर होकार, बाजरी कमरेच्या वर गेली असली तरी होकार. नुसता कांदा किंवा हरभरा असेल तर नकार, आणि नकार देणं शक्य नसेल तर त्या दिवशी सकाळचा चहासुद्धा नाही. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला, ऊस तुटून माळ उघडा पडला, की टोळीतल्या बायकांचे चेहरे उतरायचे.

ऊस उभा असला तरी त्यात बिबट्या असतोच. आमच्या तालुक्यात आता हे सांगायचीही गरज उरलेली नाही. वन खात्यानं पिंजरा लावला, गावात सभा झाली, संध्याकाळनंतर एकट्यानं उसाकडे जाऊ नये असं सांगितलं गेलं. तरी बायका जोडीनं, मोठमोठ्यानं खोकत उसात जायच्या. मी मामींना विचारलं, भीती नाही का वाटत? त्या म्हणाल्या, "बिबट्याचं काय न्हाई, बाई. त्यो बघतो आन् निघून जातो. मानूस बघतो आन् थांबतो."

मामींचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांचं. लग्नानंतरची पहिली वर्षं त्या कळपामागं हिंडल्या. पाऊस संपला की घोड्यावर बिऱ्हाड आणि दिवाळीनंतर मुक्काम दर दोन दिवसांनी वेगळा. त्या दिवसांबद्दल बोलताना त्या हळव्या होत नसत. लई हाल होते, असंच सांगायच्या. पण एक गोष्ट त्यांना आठवायची. तेव्हा माळ होता, ओढ्याकाठी बाभळी होत्या, घाणेरीची झुडपं होती, आणि त्यांच्यावर कुणाचं नाव नव्हतं. पुढे कालवा आला, माळ सपाट झाला, बाभळी गेल्या, तारेची कुंपणं आली. मेंढरं विकून त्यांच्या घरच्यांनी दोन एकर केलं. "कॅनॉलचं पानी आलं, बाई," त्या म्हणाल्या, "आन् माझं पानी पिणं बंद झालं." विकासावर मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत. त्यांतल्या कुठल्याही पुस्तकात हे वाक्य नाही.

त्यांची धाकटी सून टोळी सोडून रांजणगावच्या एका कंपनीत लागली. गावात सगळे म्हणाले, पगारासाठी गेली, शेतातलं काम नको झालंय आजकालच्या पोरींना. मामींनी ते ऐकून घेतलं. मला मात्र म्हणाल्या, "पगारासाठी न्हाई गेली. तितं कडीचं दार हाय."

मामींना अधूनमधून थंडी वाजून ताप यायचा. कमरेत कळ यायची. त्याला त्या 'उष्णता' म्हणायच्या आणि दुकानातून गोळी आणून घ्यायच्या. टोळीतल्या निम्म्या बायकांना तीच उष्णता होती. सगळ्यांना एकच आजार कसा, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण सगळ्यांचं ऊनही एकच होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत मामींना उठताच येईना, तेव्हा त्यांचा मुलगा मोटारसायकल घेऊन माझ्याकडे आला. डॉक्टर पुरुष आहे, आई माझ्यासमोर काही बोलणार नाही, तुम्ही चला, म्हणाला. मी त्यांना शिरूरला घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते आणि सभ्य होते. सोनोग्राफीचा कागद बघून त्यांनी सांगितलं की, एक किडनी जवळजवळ वाळून गेली आहे आणि दुसरीत खडे आहेत, पण ती अजून वाचवता येईल. मग त्यांनी विचारलं, "आजी, लघवी अडवून ठेवायची सवय आहे का?" मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "न्हाई बा." "पाणी पिता ना भरपूर?" "लई पिते." भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं, तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि खाली निरोगी सवयींची माहिती होती. मी म्हणाले, दिवसा त्या पाणी पीत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "का?" त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांचीही मातृभाषा मराठी होती. कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी कागदावर 'भरपूर पाणी' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

एस्टी स्टँडवर बसल्यावर मामींना वाचा फुटली. "पानी प्या म्हणतोय. प्यायला काय, ईहीर पिईन. ठिवायचं कुठं, त्ये न्हाई लिव्हलं त्यानं."

आमचं घर वावराच्या कडेलाच आहे. नणंदेच्या लग्नात बांधलेलं बाथरूम आहे, पांढऱ्या फरशीचं. मी मामींना म्हणाले, आमच्याकडे काम असेल तेव्हा निदान तुम्ही तरी घरी येत जा. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. एक दिवस दुपारी आल्या. चपला गोठ्याजवळ सोडल्या, नळावर पाय घासून घासून धुतले, माझ्याकडे न बघता आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा मोकळा झाला होता की, मला ओळखू येईना. म्हणाल्या, "कडी चांगली हाय." आणि अंगणातून निघाल्या. त्या फाटकापर्यंत पोचायच्या आत सासूबाई आत गेल्या आणि पाण्याची बादली ओतल्याचा आवाज आला. मग दुसरी बादली. मग फिनेलचा वास अंगणात आला. सासूबाई वाईट नाहीत. टोळीला चहा त्याच करतात, साखर हात आखडून घालत नाहीत. पण पुण्याचे पाहुणे बाथरूम वापरून गेल्यावर फिनेल टाकल्याचं मला आठवत नाही. मामींनी मागं वळून पाहिलं नाही. पदर तेवढा नीट केला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बोलावलं, तर म्हणाल्या, "लांब पडतंय, बाई." वावरातून आमच्या घराचा नळ दिसतो. मी सासूबाईंशी त्याबद्दल कधी बोलले नाही. आमच्या घरात वाद होत नाहीत, असं गावात आमचं नाव आहे.

मग मी यजमानांना सांगितलं. चार बांबू, शेडनेटचा तुकडा, एक खड्डा, एवढंच लागणार होतं. यजमानांनी चुलत्यांना, म्हणजे आप्पांना सांगितलं. विषय पुरुषांकडून पुरुषांकडे गेल्यामुळे लगेच मंजूर झाला. आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन. बोअर घ्यायचं तरी फ्लेक्स लावल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाहीत. त्यात सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. आडोसा त्यांनी उभारला, उत्तम उभारला. हिरवीगार जाळी, पत्र्याचं दार, आत फरशी. फक्त जागा डांबरी रस्त्याला लागून निवडली, कारण चांगलं काम लोकांना दिसलं पाहिजे. दाराच्या वर फ्लेक्स होता. 'माता-भगिनींच्या सन्मानार्थ', आणि त्याखाली आप्पा, हात जोडून, पूर्ण आकारात.

उद्घाटनाला खुर्च्या मांडल्या होत्या. टोळीला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती, म्हणजे काम थांबवून टाळ्या वाजवायला बसवलं होतं. आप्पा स्त्रीशक्तीवर बोलले. नारळ मामींच्या हातून फोडून घेतला. मी पहिल्या रांगेत होते आणि माझ्या चपलांकडे बघत होते. तेवढ्यात मोबाइल धरून उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "मामी, नारळ फुटला, आता आत जाऊन या की. फोटू काढतो." लोक हसले. मामींनी नारळाचं भकल खाली ठेवलं. "तुझी आई हाय माझ्या टोळीत," त्या म्हणाल्या. "सकाळपास्नं तिला लागलीया. तिला धाडू का आत? काढतोस फोटू?" पोरानं मोबाइल खिशात घातला. त्याची आई तिथंच बसली होती, तिनं पदर तोंडावर घेतला. हसणं थांबलं, पण लाज पोराला वाटली नाही, त्याच्या आईला वाटली.

त्यानंतर त्या आडोशात एकही बाई गेली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला कोण आत गेली, किती वेळ लागला, सगळं दिसत होतं. आणि दुसरं कारण असं होतं, जे आप्पांना, यजमानांना आणि मलाही सुचलं नव्हतं. आप्पा गावातले वडीलधारे. त्यांच्यासमोरून जाताना बायका चपला हातात घेतात, डोक्यावरून पदर ओढतात. "वर आप्पा हात जोडून हुबं," मामी मला म्हणाल्या. "त्यांच्या म्होरनं आत कसं जावं?"

पण डॉक्टरांचं बोलणं मामींच्या डोक्यातून गेलं नव्हतं. एक किडनी उरली आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. एका सकाळी त्या स्वतः आप्पांच्या अंगणात गेल्या. मी तिथं पूजेच्या फुलांना गेले होते. आयुष्यभर ज्या बाईनं मजुरीसाठी बागायतदारांशी नजरेला नजर देऊन भांडण केलं, ती त्या दिवशी जमिनीकडे बघत बोलली. "आप्पा, त्यो आडोसा वावराच्या मधी घ्या, ईहिरीमागं. आन् तुमचा फोटू तेवढा काढा." एवढं बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आप्पांना राग आला नाही. ते मोठ्या मनानं म्हणाले, "मतदान होऊ द्या, मामी. मग सगळं हलवू."

त्यांनी शब्द पाळला. मतदान झालं, आप्पा निवडून आले, आणि सगळं हलवलं. पत्रा गोठ्याला लागला. शेडनेट टोमॅटोच्या रोपांवर गेलं, रोपं त्या वर्षी फार चांगली आली. ऊस तुटला होता. मामी पुन्हा तोंड ओलं करून थुंकायला लागल्या आणि मे महिन्यात काढलेल्या कांद्याची पात काटताना ओळीतच आडव्या झाल्या.

दुसरी किडनी गेल्यावर मुकादमकी सुटली. डायलिसिसला पुण्याला जायला निमोण्यातून लांब पडतं, म्हणून त्यांना भीमेपलीकडे, यवतला मुलीकडे नेऊन ठेवलं. तिथून हायवेला गाड्या मिळतात. मुलीचं घर एका ढाब्याच्या मागं. मी भेटायला गेले तेव्हा त्या बाजेवर बसल्या होत्या, चेहरा सुजलेला, हात काठीसारखे. आवाज मात्र तोच होता. मी शाळेचं विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, यंदा कुणाची टोळी लावली, कांद्याची लागण कशी झाली, तुमचे मालक अजून घड्याळ बघतात का.

त्यांच्या बाजेवरून ढाब्याचं संडास दिसायचं. एस्टी थांबली की बायका उतरून तिकडे जवळजवळ पळतच जायच्या. मामी हातातलं सगळं सोडून बघायच्या. "दिसभर ह्येच बघते मी," त्या म्हणाल्या. "जाताना बघा, तोंडं कशी वडलेली. आन् येताना बघा. देवळातनं आल्यावाणी येत्यात." दोघी शहरी मुली हसत, हात झटकत परत येत होत्या. मामी त्यांच्याकडे ज्या कौतुकानं बघत होत्या, त्या कौतुकाकडे मला बघवेना. मी पिशवीतून संत्री काढली आणि सोलायला घेतली, तर मुलीनं हात धरला. आईला रसाळ काही द्यायचं नाही, म्हणाली. डायलिसिसवर असलेल्या माणसानं पाणी मोजून प्यायचं असतं. दिवसाकाठी थोडंसं, बाकी नुसतं तोंड ओलं करायचं.

"आता डाक्टर म्हणत्यात पानी पिऊ नका," मामी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या. "ह्ये मला जमतंय. बाकीची मानसं रडत्यात तितं पान्यासाठी. नर्स म्हणती, आजी, तुमच्यासारखं पेशंट न्हाई." मी सोललेलं संत्रं हातात धरून बसले. ते कुणाला द्यावं कळेना. शेवटी मीच खाल्लं, आणि त्यांनी ते मी पूर्ण खाईपर्यंत बघितलं. निघताना मी पाया पडायला वाकले. आमच्या घरातलं कुणी मजूर बाईच्या पाया पडलेलं मामींना चाललं नसतं. त्यांनी पाय बाजेवर ओढून घेतले आणि म्हणाल्या, "जावा आता. गाडीत बसायच्या आधी जाऊन या तिकडं. लाजू नका."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. माती निमोण्याला झाली. टोळीतल्या बायका आल्या होत्या, दोन तास उन्हात बसल्या आणि कळशीकडे कुणी फिरकलं नाही.

वर्षश्राद्धाला त्यांच्या स्मरणार्थ काहीतरी व्हावं, असं त्यांच्या मुलांच्या मनात होतं. आप्पांनी पुढाकार घेतला. गावाच्या फाट्यावर, जिथं बायका तळेगावच्या जीपची वाट बघत उभ्या राहतात, तिथं मामींच्या नावाची पाणपोई बांधली. काळा दगड, स्टीलचे नळ, गार पाण्याचं मशीन. भाषण आप्पांनीच केलं. तहानलेल्याला पाणी देणं ही आपली संस्कृती आहे, असं ते म्हणाले, आणि या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पाणी खरोखर चांगलं आहे. मी रोज सकाळी त्या पाणपोईशेजारी जीपसाठी थांबते. जीप यायला कधीकधी तास लागतो, पुढं शाळेपर्यंत आणखी वेळ जातो, म्हणून मी ते पीत नाही. पाणपोईच्या मागची भिंत पुरुष वापरतात.